मुलाखतकार दरवर्षी बदलू नका: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
इंदूर शहरातील मराठी मंडळे, गणेशोत्सव समित्या, वाचनालये आणि व्याख्यानमाला

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावे म्हणून घाई केली आहे. विषय प्रकट मुलाखतीचा आहे. गणेशोत्सवात, शरदोत्सवात, वर्धापनदिनाला आपण पुण्या-मुंबईहून नट, लेखक, गायक, डॉक्टर बोलावता. तिकीट काढता, राहण्याची सोय करता, मानधन देता. पाहुणा कोण असावा यावर दोन-दोन बैठका रंगतात. त्याच्यासमोरच्या खुर्चीत कोण बसणार हे मात्र शेवटच्या आठवड्यात ठरते, आणि दरवर्षी नवे नाव ठरते. कधी मोठ्या देणगीदाराच्या घरातले कोणी, कधी निवृत्त प्राध्यापक, कधी ‘गेल्या वर्षी यांचं राहून गेलं’ म्हणून समितीतलेच कोणी. ही माणसे चांगली असतात, वाचन असलेली असतात. तरी मुलाखत पडते, आणि खापर पाहुण्यावर फुटते: ‘माणूस काही खुललाच नाही हो.’

आमची मागणी अशी आहे. मुलाखतकार पाहुण्याच्या आधी ठरवा, आणि एकदा ठरवला की किमान तीन वर्षे बदलू नका.

हे आम्ही हट्टाने का म्हणतो, ते दूरचित्रवाणीवरच्या मोठ्या मुलाखतकारांच्या कारकिर्दी पाहिल्या की कळते. अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी ‘द टुनाइट शो’ हा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम १ ऑक्टोबर १९६२ ला हाती घेतला आणि २२ मे १९९२ ला सोडला. जवळजवळ तीस वर्षे. त्याआधीची पाच वर्षे ते दुपारच्या एका प्रश्नमंजूषेत अनोळखी स्पर्धकांशी गप्पा मारत होते. म्हणजे रात्रीच्या त्या प्रसिद्ध टेबलामागे बसले तेव्हा हजारो साध्या माणसांना बोलते करण्याचा सराव त्यांच्या गाठीशी होता. ओप्रा विन्फ्रींचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. बाल्टिमोरच्या वाहिनीने त्यांना १९७७ मध्ये संध्याकाळच्या बातम्यांवरून हटवले. पुढच्या वर्षी त्यांना सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमावर बसवले, आणि तिथे त्या शिकागोला जाईपर्यंत टिकल्या. जानेवारी १९८४ मध्ये शिकागोतला मागे पडलेला कार्यक्रम त्यांच्याकडे आला. ८ सप्टेंबर १९८६ पासून त्यांच्या नावाचा कार्यक्रम देशभर दिसू लागला आणि २५ मे २०११ ला थांबला तेव्हा ४,५६१ भाग झाले होते. बातम्यांवरून काढल्यावर कोणी ‘हिला जमत नाही, पुढच्या वर्षी दुसरी बघू’ असे म्हटले असते तर यातले काहीच घडले नसते.

आणि तोत्तोचान! आपल्या कितीतरी घरांत ही गोड मुलगी पुस्तकातून आली आहे. ती मोठी होऊन जपानची नामवंत मुलाखतकार झाली, हे मात्र फार कमी वाचकांना माहीत असते. तोत्तोचान म्हणजेच तेत्सुको कुरोयानागी. त्यांचा ‘तेत्सुको नो हेया’, म्हणजे ‘तेत्सुकोची खोली’, २ फेब्रुवारी १९७६ ला सुरू झाला. २०१५ मध्ये त्याचे दहा हजार भाग पूर्ण झाले. गप्पांच्या कार्यक्रमाचे एकाच सूत्रधाराने सर्वाधिक भाग केल्याचा जागतिक विक्रम त्यांच्या नावावर आहे. आपल्याकडे तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ ते १९९३ अशी एकवीस वर्षे सांभाळले. ज्या वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी सुरू झालेला हा कार्यक्रम. मराठीत सुधीर गाडगीळांनी हजारो प्रकट मुलाखती घेतल्या. त्यांच्या प्रश्नात जी सहजता दिसते तिच्यामागे ही संख्या उभी आहे.

पहिल्या वर्षीच्या मुलाखतकाराचे नेमके काय चुकते, ते जवळून पाहू या. पाहुणा उत्तर देत असतो तेव्हा याची नजर हातातल्या कागदावर, पुढच्या प्रश्नावर असते. कान स्वतःच्या आवाजाकडे असतात. एखादा नट सांगून जातो, ‘त्या प्रयोगानंतर मी दीड वर्ष रंगमंचावर पाय ठेवला नाही.’ सभागृह क्षणभर स्तब्ध होते. दीड वर्ष? का? काय झालं होतं? आणि मुलाखतकार म्हणतो, ‘वा, फारच छान! आता आपल्या आवडत्या पदार्थाबद्दल सांगा.’ हा मूर्खपणा नव्हे, भीती आहे. भीती सरावाने जाते, आणि सराव म्हणजे लोकांसमोर, दिव्यांखाली, पुन:पुन्हा बसणे. घरी आरशासमोर तो होत नाही. पहिल्या वर्षी माणूस कागद धरून बसतो, दुसऱ्या वर्षी मान वर करतो, तिसऱ्या वर्षी ऐकू लागतो. आपण त्याला पहिल्या वर्षानंतरच शाल-श्रीफळ देऊन मोकळे करतो.

तीन वर्षांत एकाच संस्थेत तीनच मुलाखती झाल्या तर त्या कमी पडतील, हे आम्हाला कळते. म्हणून दुसरी विनंती: रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, परदेशीपुरा, जिथे जिथे आपली मंडळे आहेत त्यांनी आपसांत बोलून दोन-तीन मुलाखतकार सामायिक ठेवावेत. एका हंगामात एकाच्या वाट्याला पाच-सहा मुलाखती आल्या तर खरा हात बसेल. मोठ्या पाहुण्याआधी स्थानिक माणसांच्या छोट्या मुलाखती त्याच्याकडून घ्या. जुना मिल कामगार, सराफ्यातला कारागीर, शाळेतल्या बाई, नाट्यसंस्थेतला रंगभूषाकार. वीस मिनिटे, तीस श्रोते. ब्रिटिश मुलाखतकार मायकेल पार्किन्सन बीबीसीवर १९७१ मध्ये स्वतःचा मुलाखतींचा कार्यक्रम घेऊन आले ते वर्तमानपत्रातली आणि प्रादेशिक वाहिनीवरची वर्षानुवर्षांची बातमीदारी पाठीशी घेऊन. खाणकामगाराचा हा मुलगा तरुणपणी बार्न्सलीकडून क्रिकेट खेळायचा, आणि सलामीला जोडीदार असायचे पुढे पंच म्हणून जगभर ओळखले गेलेले डिकी बर्ड. साध्या माणसाशी साधे बोलण्याची सवय तिथली. मुहम्मद अलींसमोर ते चार वेळा बसले, तेव्हाही ती सवय उपयोगी पडली.

आता तयारी. इथे आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण नव्वद टक्के काम इथेच असते आणि आपल्या अंदाजपत्रकात त्याला एक ओळही नसते.

मुलाखतकाराला पाहुण्याचे नाव कार्यक्रमाच्या किमान एकवीस दिवस आधी कळले पाहिजे. पहिला आठवडा वाचण्या-पाहण्याचा. पाहुण्याच्या आधीच्या किमान पाच मुलाखती पूर्ण ऐकायच्या आणि प्रत्येकीत जे किस्से पुन्हा आले ते एका कागदावर वेगळे लिहायचे. हे त्याचे ठेवणीतले किस्से. ते तो प्रत्येक गावात सांगतो, शब्द न् शब्द तसाच. त्यातले एक-दोन आपल्या श्रोत्यांना हवे असतात, ते येऊ द्यावेत. पण त्या किस्स्यांच्या कडेला काय राहून जाते ते शोधणे हे मुलाखतकाराचे काम. किस्सा नेहमी पहिल्या बक्षिसापाशी संपत असेल तर प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवसाचा विचारावा.

दुसऱ्या आठवड्यात पाहुण्याबरोबर काम केलेल्या दोन-तीन माणसांशी बोलायचे. पाहुण्याशीही एकदा अर्ध्या तासाचा फोन हवा, पण तो मुलाखतकाराने करू नये. अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांत हे काम सूत्रधाराचे नसतेच. निर्मात्याच्या गटातला एक जण पाहुण्याशी आधी बोलतो, कोणते विषय चालतील, कोणते नकोत, कोणती गोष्ट रंगते हे टिपतो आणि एक पानाचे टिपण सूत्रधाराला देतो. त्यामुळे मंचावर सूत्रधार ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असतो, आणि त्याचे हसू खरे असते. आपल्याकडे यासाठी एक उत्साही कार्यकर्ता पुरे. त्याला ‘संशोधन साहाय्यक’ म्हणा आणि पत्रिकेत त्याचे नाव छापा.

अमेरिकेतले मुलाखतकार लॅरी किंग पुस्तके न वाचताच लेखकांच्या मुलाखती घ्यायचे, मग आम्हीच का एवढे वाचायचे, असे कोणीतरी म्हणेल. किंग यांनी ते केले हे खरे, आणि त्यांचे छोटे, साधे प्रश्न आदर्श मानावेत असेच होते. पण सीएनएन या वृत्तवाहिनीवर १९८५ मध्ये ते बसले तेव्हा मायामीच्या रेडिओवर १९५७ पासून आणि १९७८ पासून देशभराच्या रात्रीच्या रेडिओवर बोलण्याचा अनुभव त्यांच्या मागे होता. अठ्ठावीस वर्षे रोज बोलल्यावर ज्याला कागद लागत नाही त्याचे पाहून नवख्याने कागद टाकू नये.

तयारीचे मोल कळायला ब्रिटिश सूत्रधार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या घेतलेल्या मुलाखती पाहाव्यात. १९७७ सालचा मार्च-एप्रिल. बारा दिवस, एकूण २८ तास ४५ मिनिटे चित्रीकरण. प्रक्षेपण नव्वद-नव्वद मिनिटांच्या चार भागांत झाले. फ्रॉस्ट यांची ओळख तोवर हलक्याफुलक्या गप्पांचा माणूस अशी होती, आणि पहिल्या बैठकांमध्ये निक्सन लांबलचक उत्तरे देऊन वेळ खात राहिले. पारडे फिरले ते निक्सन यांना ज्यामुळे पद सोडावे लागले त्या वॉटरगेट प्रकरणावरच्या बैठकीत, आणि त्यामागे कष्ट होते जेम्स रेस्टन ज्युनिअर या तरुण संशोधकाचे. निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफितींच्या उताऱ्यांत त्यांना असे संभाषण सापडले होते जे तोवर लोकांसमोर फारसे आले नव्हते. नेमकी तारीख आणि नेमके शब्द समोर ठेवल्यावर माजी राष्ट्राध्यक्षांनाही वळसा घालता आला नाही. आपल्या मंडळात कोणी निक्सन येणार नाही आणि कोणाला कोंडीत पकडायचेही नाही. पण ‘तुम्ही १९८४ च्या दिवाळी अंकात असं लिहिलं होतं’ म्हणून मूळ ओळ वाचून दाखवली की पाहुणा खुर्चीत सरसावून बसतो. आपल्यासाठी कोणीतरी मेहनत घेतली आहे हे त्याला कळते, आणि मग तोही ठेवणीतले सोडून आतले काढतो.

तिसऱ्या आठवड्यात काटछाट. चाळीस प्रश्न जमले असतील तर बारा विषय ठेवायचे. नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमात एका विषयाला सहा मिनिटे धरली तर बहात्तर मिनिटे होतात. पंधरा मिनिटे श्रोत्यांना, तीन श्वास घ्यायला. विषय पोस्टकार्डाच्या आकाराच्या जाड कार्डांवर लिहावेत, एका कार्डावर एकच विषय, आणि कोपऱ्यात ठळक क्रमांक, कारण कार्डे हातातून पडतात आणि पडली की क्रम जातो. ए-फोर कागदाचा गठ्ठा नको. तो माइकजवळ खरखरतो, हात थरथरत असले तर ते सगळ्या सभागृहाला दिसते, आणि पान उलटले की पाहुण्याला वाटते आपले उत्तर संपवायला हवे.

कार्डावर पूर्ण वाक्य लिहू नये, दोन-तीन शब्द लिहावेत. पूर्ण वाक्य लिहिले की ते वाचले जाते, आणि वाचलेल्या प्रश्नाला पाहुणाही पाठ केलेले उत्तर देतो. एका दमात दोन प्रश्न विचारू नयेत, कारण पाहुणा त्यातल्या सोप्याचेच उत्तर देतो. ‘आपला जीवनप्रवास थोडक्यात सांगाल का?’ हा प्रश्न आपल्या शहरात तरी कायमचा बंद व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते. जीवनप्रवास थोडक्यात सांगता येत नाही, आणि सांगितला तर तो परिचयपत्रकासारखाच निघतो. त्याऐवजी एक दिवस, एक खोली, एक वस्तू विचारावी. पहिल्या तालमीला कोण कोण होते? पहिली पेटी कोणाकडून घेतली, कितीला? असे विचारले की माणूस आठवू लागतो, आणि आठवणारा चेहरा पाहायलाच लोक आलेले असतात. उत्तर संपले असे वाटले की मनात तीनपर्यंत मोजावे. निम्म्या वेळा पाहुणा त्या शांततेत आणखी एक वाक्य बोलतो, आणि बहुधा तेच वाक्य लोक घरी घेऊन जातात.

कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल. मुंबईचा पाहुणा अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरतो. मग पोहे-जिलेबी, खजराना गणपती, राजवाडा, छप्पन दुकान, अध्यक्षांच्या घरी पुरणपोळीचे जेवण, आणि जेवताना पंधरा माणसे त्याला घेरून गोष्टी ऐकत असतात. प्रेमापोटी होते हे सगळे, आम्हाला कळते. पण संध्याकाळी मंचावर येतो तो बसलेल्या आवाजाचा, पेंगुळलेला माणूस, आणि त्याच्या उत्तम गोष्टी दुपारीच संपलेल्या असतात. तीच गोष्ट सहा तासांत दुसऱ्यांदा सांगताना माणूस ती अर्धी करून सांगतो, आणि दुपारी ऐकलेली मंडळी पहिल्या रांगेत बसून शेवट आधीच पुटपुटतात. कार्सन कार्यक्रमाआधी पाहुण्यांशी गप्पा मारायचे टाळत, ते याच कारणासाठी. पाहुण्याला दुपारी किमान तीन तास एकटे सोडा. हलके जेवण, विश्रांती, कोमट पाणी. सराफ्याची खाऊगल्ली रात्री उशिरापर्यंत चालू असते, मुलाखतीनंतर खुशाल न्या. आणि अनंत चतुर्दशीला मुलाखत ठेवूच नका. झांक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, मिरवणुकीने रस्ते बंद होतात आणि पाहुणा गाडीत अडकतो.

मंचावरचा पहिला अर्धा तास वाचवा, ही आमची हात जोडून विनंती आहे. दीपप्रज्वलन, वंदना, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार, मनोगत, मग आठ मिनिटांचा परिचय. एवढे होईपर्यंत श्रोत्यांचा ताजेपणा संपलेला असतो. दीपप्रज्वलन करा, तीन मिनिटांत होते. परिचय दीडशे शब्दांत बसवा. पुरस्कारांची यादी पत्रिकेत छापा, मंचावर वाचू नका. बाकी सर्व सत्कार शेवटी. त्यात एक तांत्रिक कारणही आहे, ते माइकच्या संदर्भात सांगतो.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर, मधोमध, कापडाच्या कडेला घट्ट लागतो. पाहुण्याला तो लावून झाल्यावर जर आपण खांद्यावर शाल घातली तर माइक शालीखाली जातो. आवाज दबतो, आणि प्रत्येक हालचालीला खर्र-खर्र ऐकू येते. ध्वनी सांभाळणारा आवाज वाढवतो, तेव्हा स्पीकर शीळ घालू लागतात, कारण असा माइक चहूबाजूंचा आवाज घेतो, स्पीकरचासुद्धा. मग कोणीतरी धावत येऊन हातात दुसरा माइक देते आणि पाहुण्याचा सूर तुटतो. रेशमी साडी, मंगळसूत्र, लांब माळ, यांचाही हाच त्रास. त्यामुळे साडीवर माइक पदराच्या आतल्या बाजूला नव्हे तर ब्लाउजच्या कडेला लावावा, आणि तो लावायला एक कार्यकर्ती असावी. स्पीकर नेहमी खुर्च्यांच्या पुढे ठेवा, मागे कधीच नको. बॅटरी नवी, त्याच दिवशीची. कालच्या कार्यक्रमातली ‘अजून चालते’ म्हणून ठेवलेली बॅटरी बरोबर पाऊण तासाने दगा देते. एक तारेचा माइक स्टँडवर खुर्चीमागे तयार ठेवा. ध्वनितपासणी पंखे आणि वातानुकूलन चालू करून, खुर्चीत बसून करा. रिकामे सभागृह घुमते, भरलेले आवाज पिते, तेव्हा लोक बसल्यावर थोडा आवाज वाढवावा लागणार हे गृहीत धरा. चित्रफीत करत असाल तर दोघांचे आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर नोंदवा. एकाला खोकला आला तरी दुसऱ्याचे वाक्य वाचते.

तंबूवाल्याकडचे लाल मखमली सोफे मंचावर आणू नका. त्यात माणूस रुततो, पोट दुमडते, आवाज बसतो, आणि वयस्क पाहुण्याला उठताना आधार लागतो. सरळ पाठीच्या, हात असलेल्या, साधारण दीड फूट उंच बैठकीच्या दोन खुर्च्या हव्यात. समोरासमोर ठेवल्या तर वाद चालल्यासारखा दिसतो, श्रोत्यांकडे तोंड करून शेजारी ठेवल्या तर पत्रकार परिषद. दोन्ही किंचित एकमेकांकडे वळवा, आणि गुडघ्यांत तीन-चार फुटांचे अंतर ठेवा. मधले टेबल गुडघ्याहून खाली. त्यावर गुच्छ नको, पहिल्या चार रांगांना पाहुण्याचे तोंडच दिसत नाही. पाणी झाकणाच्या पेल्यात ठेवा, प्लास्टिकची बाटली माइकवर कडकडते. सभागृहातले दिवे पूर्ण बंद करू नका. पहिल्या तीन रांगांचे चेहरे दिसले नाहीत तर गोष्ट पोहोचली की नाही हे मुलाखतकाराला कळत नाही. घड्याळ त्याला दिसावे, पाहुण्याला नाही. पहिल्या रांगेत एक जण ‘१५’ आणि ‘५’ (उरलेली मिनिटे) अशा दोन पाट्या घेऊन बसावा. अध्यक्षांनी मनगटाकडे बोट दाखवणे बंद व्हावे.

श्रोत्यांचे प्रश्न. अमेरिकेत फिल डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये डेटन या छोट्या शहरातून गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. जाहिरातींच्या मध्यंतरात समोर बसलेले लोक आपल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारतात हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ते माइक घेऊन प्रेक्षकांत उतरले. पुढे १९९६ पर्यंत, एकोणतीस वर्षे ते हे करत होते. त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहा: माइक ते स्वतःच्या हातात धरतात, विचारणाऱ्याच्या हाती देत नाहीत. हीच किल्ली आहे. माइक हाती गेला की प्रश्नाचे भाषण होते, आणि परत मागणे कोणालाच अवघड वाटते. आपल्या कार्यकर्त्याला हे एकच सांगा: माइक तूच धर. अर्ध्या मिनिटाने तो नम्रपणे मागे घेता येतो. चिठ्ठ्यांची पद्धत चालवायची असेल तर चिठ्ठ्या मध्यावर गोळा करा आणि साहाय्यकाने त्यातून पाच निवडाव्यात. मुलाखतकाराने मंचावर पंचवीस चिठ्ठ्या उलगडत बसणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे.

इथे इंदूरचा एक खास प्रश्न आहे. आपली मुले मराठी समजतात, घरी बोलतातही, पण सभागृहात उभे राहून मराठीत प्रश्न विचारायला कचरतात, कारण मध्येच ‘मला ये म्हणायचंय की’ असे होते आणि मागून कोणी हसते. त्यांना हिंदीत विचारू द्या. मुलाखतकाराने तो प्रश्न स्वच्छ मराठीत पुन्हा सांगावा, पाहुण्याने मराठीत उत्तर द्यावे. कोणाचे मराठी सुधारायला जाऊ नये. पुण्याचा मुलाखतकार आयात करण्यापेक्षा इथलाच घडवावा असे आम्ही म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. कोणत्या शब्दाला इथले लोक हसतात आणि कोणत्या नावाला हळवे होतात, ते इथल्यालाच माहीत असते.

उत्तम तयारी करूनही एखादी मुलाखत पडेल. २००३ मध्ये पार्किन्सन यांच्यासमोर अभिनेत्री मेग रायन बसल्या आणि एका शब्दाची उत्तरे देत राहिल्या. तीन दशकांचा अनुभव असूनही त्यांना ते सावरता आले नाही, आणि पुढे त्यांनी स्वतःचीही चूक कबूल केली. कार्यक्रम मात्र २००७ पर्यंत चालला. एका वाईट संध्याकाळनंतर आपण माणूस बदलू नये, एवढेच.

मानधनाचे बोलू या, कारण ते कोणी बोलत नाही. पाहुण्याला जे देता त्याच्या किमान चौथा हिस्सा मुलाखतकाराला द्या, आणि ध्वनी सांभाळणाऱ्याला भाव पाडून बोलावू नका. मुलाखतकाराचे एकवीस दिवस जातात, पुस्तके विकत घ्यावी लागतात, फोन करावे लागतात. मंचामागच्या फुलांच्या पडद्याचा खर्च एक वर्ष वाचवला तर यातले बरेच भागेल. चित्रफीत इंटरनेटवर टाकणार असाल तर पाहुण्याची लेखी परवानगी आधी घ्या, आणि पाहुणा गायला तर त्या गाण्याच्या हक्कांचे वेगळे विचारा, नाहीतर चित्रफीत उतरवावी लागते.

पुढच्या कार्यकारिणी बैठकीच्या कार्यसूचीवर ‘मुलाखतकाराची तीन वर्षांसाठी नेमणूक’ हा विषय घ्यावा. तेवढा ठराव झाला की कार्डे कशी करायची, फोनचे टिपण कसे लिहायचे, माइक कुठे लावायचा, हे नव्या माणसाला शिकवायला आम्ही येऊ. त्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता, खुर्च्या लागायच्या आधी, आम्ही सभागृहात हजर असू.

आपले,
इंदूरमधील प्रकट मुलाखतींचे काही मुलाखतकार, ध्वनी-संयोजक आणि संशोधन साहाय्यक